पर्लाइटचा पीएच 5.6 आला, लॉट परत पाठवायचा का?

प्रीकोट | सोमवार, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. खानदेशात मक्याच्या स्टार्चपासून लिक्विड ग्लुकोज करणाऱ्या एका कारखान्यात मी क्यूसी बघतो. आमच्याकडे रोटरी व्हॅक्यूम फिल्टर आहे. आधी ड्रमवर पर्लाइटच्या पांढऱ्या पुडीचा चार बोटं जाड थर चढवायचा, मग एन्झाइमने साखर झालेला रस त्या थरातून आत ओढायचा. मक्यातली चरबी आणि प्रथिनं वर मळ होऊन बसतात आणि सुरी दर फेरीला तो मळ पातळ पापुद्र्यासारखा खरवडून काढते. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, पर्लाइट बिघडलं की अख्खी लाईन बसते.

परवा नवीन लॉट आला. सप्लायरच्या सर्टिफिकेटवर पीएच 7.2 आहे आणि आमची मर्यादा 6.5 ते 8. आमच्या लॅबमध्ये 5.6 आला. पुन्हा केला, 5.7. तिसऱ्यांदा 5.5. परचेस म्हणतं परत पाठवा, प्रॉडक्शन म्हणतं तीन दिवसांचाच साठा उरलाय. सही माझी लागणार.

माझे प्रश्न असे. पर्लाइट आम्लधर्मी असू शकतं का? असलं तर रसाला काय होईल? आणि आमचा रस स्वतःच 4.3 पीएचचा, 60 अंशांवरचा आहे. त्यात पर्लाइट विरघळतं का? "पर्लाइट निष्क्रिय असतं" एवढं एक वाक्य सगळीकडे सापडतं, त्यावर सही करायचा धीर होत नाही.

खडकपारखी | सोमवार, रात्री 11.25

मी भूशास्त्राचा माणूस, फिल्टरमधलं मला कळत नाही. पण दगड काय आहे ते सांगतो, त्यातून पुढच्या मंडळींना धागा मिळेल.

पर्लाइट ही ज्वालामुखीची काच. सिलिका भरपूर असलेला लाव्हा झपाट्याने थिजला की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही आणि ऑब्सिडियन तयार होतं. त्यात हजारो वर्षं पाणी मुरत गेलं की ती काच कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गोलगोल तडकते. मोत्यासारखी चमक येते, म्हणून हे नाव. मुरलेलं पाणी वजनाच्या 2 ते 5 टक्के. खडा दळून 850–900 अंशांच्या आसपास आगीत टाकला की काच मऊ पडते, आतलं पाणी वाफ होऊन सुटतं आणि ज्वारीची लाही फुटावी तसा तो फुलतो. आकारमान 4 पासून 20 पटींपर्यंत वाढतं.

घटक साधारण असे: सिलिका 70 ते 75 टक्के, अल्युमिना 12 ते 15, सोडियम ऑक्साइड 3–4, पोटॅशियम ऑक्साइड 3 ते 5, लोह आणि चुना एकेक टक्क्याच्या आसपास. म्हणजे यात आम्ल म्हणावं असं काहीच नाही. असलंच तर सोडियम-पोटॅशियममुळे किंचित अल्कलीकडे झुकणारं आहे.

जाता जाता: सह्याद्रीत हे सापडत नाही, कारण आपला बेसॉल्ट सिलिकेत कमी, जेमतेम पन्नास टक्क्यांचा. दख्खनच्याच लाव्ह्याच्या पट्ट्यात गुजरातेत राजकोट जिल्ह्यात पाटणवावजवळ ओसमच्या डोंगरावर रायोलाइट, म्हणजे सिलिका भरपूर असलेला लाव्हाचा खडक, आहे आणि तिथे पर्लाइटची नोंद आहे. जगाच्या बाजारातला मोठा माल मात्र ग्रीसच्या मिलोस बेटावरून, तुर्कस्तानातून, चीनमधून आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतून निघतो.

निवृत्त_रसायनी | मंगळवार, सकाळी 6.50

प्रीकोट, सही करू नका आणि लॉटही परत पाठवू नका. आधी मला चार गोष्टी सांगा.
पाणी कोणतं घेतलं आणि ते किती दिवसांचं होतं?
किती ग्रॅम पर्लाइट, किती पाण्यात?
किती वेळ ढवळलं?
आकडा स्थिरावल्यावर लिहिलात की मीटरने दाखवला तसा?

उत्तर येईपर्यंत मूळ मुद्दा सांगून ठेवतो. आयुष्यभर लॅबमध्ये काढलं, आणि ही एक गल्लत मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली. पीएच म्हणजे आम्लाची *तीव्रता*. आम्लाचा *साठा* किती, हे तो सांगत नाही. 5.6 पीएचच्या एक लिटर स्लरीत, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पर्लाइटमध्ये, मोकळे हायड्रोजन आयन किती? अडीच मायक्रोमोल. ते मारायला कॉस्टिक सोडा लागतो 0.1 मिलिग्रॅम. लॅबच्या तराजूच्या शेवटच्या आकड्यात मावेल एवढा! पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हिशोबात धरला तरी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. तुमच्या 4.3 च्या रसात हायड्रोजन आयन याच्या वीसपट आधीच आहेत. तेव्हा हे पर्लाइट तुमच्या रसाला "आंबट" करेल ही भीती मनातून काढून टाका.

डी.एम. पाणी, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी, उघड्यावर ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच खाली येतो. हवेशी समतोलाला पोचलेल्या शुद्ध पाण्याचा पीएच किती असतो माहीत आहे? 5.6 च्या आसपास. तुमचा आकडा वाचल्यावर मला पर्लाइट नाही, पाण्याचा कारबॉय, म्हणजे मोठा कॅन, दिसला.

आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते. पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडचं टोक कशाचं? काचेचं. ती काच पाण्यात भिजली की पृष्ठभागावरचे अल्कली आयन बाहेर येतात, हायड्रोजन आयन आत जातात, आणि त्या देवाणघेवाणीवरच सगळं मोजमाप उभं आहे. पर्लाइटही काचच. त्याचे सोडियम-पोटॅशियमही असेच पाण्यातल्या हायड्रोजनशी जागा बदलतात, म्हणून नीट भिजलेल्या पर्लाइटची स्लरी 6.5 ते 8 च्या दरम्यान येते. पण या देवाणघेवाणीला वेळ लागतो आणि पुरेसा पृष्ठभाग लागतो. चिमूटभर पर्लाइट भरपूर पाण्यात टाकून लगेच आकडा घेतला तर तुम्ही पाणीच मोजता.

प्रीकोट | मंगळवार, दुपारी 1.15

काका, सकाळी पहिलं काम हेच केलं. लाज न बाळगता लिहितो.

पाणी शनिवारी भरलेल्या कारबॉयमधलं. झाकण नुसतं वर ठेवलेलं. नुसत्या पाण्याचा पीएच घेतला तर 5.6!

पद्धतीच्या कागदावर 10 टक्के स्लरी लिहिलंय. म्हणजे 10 ग्रॅम, 100 मिलीत. पण प्रत्यक्षात आमचा मुलगा 1 ग्रॅम घेत होता. का, ते त्याच्याकडून करून बघितलं. तराजूवर 10 ग्रॅम पर्लाइट ओतत गेलो तर पांढरी टेकडी वाढतच गेली. आमच्या ग्रेडचं सैल वजन लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे 10 ग्रॅमनेच शंभर मिलीचं बीकर काठोकाठ भरतं. वर 100 मिली पाणी कुठे मावणार? म्हणून त्याने आपल्या मनाने 1 ग्रॅम केलं, कुणाला विचारलं नाही, आणि मीही कधी शेजारी उभं राहून पाहिलं नाही. चूक माझी.

ढवळणं: काचेच्या कांडीने अर्धा मिनिट. वर तरंगणारे कण तसेच पाण्यावर सायीसारखे जमलेले.

भट्टीजवळचा | मंगळवार, दुपारी 3.30

मी पर्लाइट फुलवणाऱ्या युनिटमध्ये काम केलंय, म्हणून आमची बाजू मांडतो. निवृत्त_रसायनी म्हणतात ते बरोबर, दहातल्या नऊ वेळा मोजण्यातलीच चूक निघते. पण दहावी वेळही असते.

उभ्या भट्टीत खडा ज्योतीतच फुलतो आणि त्याच धुराबरोबर वर चढून सायक्लोनमध्ये गोळा होतो. म्हणजे इंधनाचा धूर आणि माल यांची गळाभेट होते. गॅस जाळला तर चिंता नाही. फर्नेस ऑइल गंधकवालं असलं आणि बॅगफिल्टर सुरुवातीला थंड असला तर धुरातलं आम्ल थंड पृष्ठभागावर, बारीक धुळीवर बसू शकतं. त्यामुळे भट्टी पेटवल्यावर निघालेला पहिला माल आम्ही बाजूला काढायचो.

खात्री करणं सोपं आहे. स्लरी गाळा, गाळलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिकचे दोन थेंब आणि मग बेरियम क्लोराइड टाका. दुधाळ झालं तर सल्फेट आहे. मग 0.01 नॉर्मल (म्हणजे अगदी पातळ) कॉस्टिक थेंबथेंब घालून टायट्रेट करा आणि आम्ल मारायला किती मिली लागतात ते बघा. सर्टिफिकेटवरच्या पीएचपेक्षा हा आकडा जास्त बोलका.

तरंगणारे कण म्हणजे न फुटलेले बंद फुगे. फिल्टर ग्रेडसाठी फुललेला माल पुन्हा दळतात तो ते फुटावेत म्हणूनच. तरंग जास्त असेल तर पीएचवरून नाही, *त्यावरून* सप्लायरला फोन करा. ते कण थरात बसत नाहीत.

ठाम_मत | मंगळवार, संध्याकाळी 7.05

एवढा खल कशाला? पर्लाइट काच आहे, काच निष्क्रिय असते. बाटलीत आम्ल भरून ठेवतोच ना आपण?

लाय_टाकी | मंगळवार, रात्री 9.20

ठाम_मत, हेच वाक्य मी एके काळी मीटिंगमध्ये बोलले होते. पुढे काय झालं ते सांगते.

एका रसायन युनिटमध्ये होते, नाव घेत नाही. गरम कॉस्टिकमधला एक द्रव गाळायचा होता, वीसेक टक्क्यांचा, 80 अंशांच्या वर. दुसऱ्या लाईनवर पर्लाइट छान चालायचं, तेच इथे लावलं. पहिला दिवस उत्तम. गाळलेला द्रव आरशासारखा. दुसऱ्या दिवशी थर पातळ झालेला दिसला, आम्ही वरून आणखी पर्लाइट दिलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या टाकीत नेहमीप्रमाणे आम्ल घालून पीएच खाली आणायला घेतला आणि साताच्या जवळ पोचताना ढवळणी जड झाली. झाकण उघडलं तर आत साबुदाण्याच्या खिरीसारखं पारदर्शक, लिबलिबीत काहीतरी. हाताला गार, बोटांत धरलं की फुटणारं. तो सिलिका जेल होता. आमचंच पर्लाइट कॉस्टिकमध्ये सोडियम सिलिकेट होऊन विरघळलं होतं, फिल्टरमधून निवांत पार झालं होतं आणि आम्ल भेटताच पुन्हा घट्ट झालं होतं. पाइपलाइन मोकळी करायला आठवडा गेला.

पर्लाइट उद्योगाने छापलेले आकडे तेव्हा वाचले असते तर वाचलो असतो. पाण्यात आणि सौम्य आम्लात 1 टक्क्याहून कमी विरघळतं. एक नॉर्मल खनिज आम्लात 3 टक्क्यांहून कमी. एक नॉर्मल कॉस्टिकमध्ये, म्हणजे जेमतेम 4 टक्क्यांच्या द्रावणात, 10 टक्क्यांपर्यंत. आणि गरम, तीव्र अल्कलीत किंवा हायड्रोफ्लोरिक आम्लात ते विरघळतंच, तिथे टक्केवारी लिहीतही नाहीत. आमची परिस्थिती तीच होती.

कारण काचेच्या सांगाड्यात आहे. आम्ल सोडियम, पोटॅशियम, थोडं अल्युमिनियम पृष्ठभागावरून खेचून नेतं, पण सिलिकाचा सांगाडा उभा राहतो, कारण आम्लात सिलिका फारशी विरघळत नाही. साध्या तापमानाला अस्फटिक सिलिकेची विद्राव्यता लिटरला शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम, आणि पीएच 9 पर्यंत ती जवळपास तेवढीच राहते. नऊच्या पुढे गेलात की ती झपाट्याने चढते, कारण हायड्रॉक्साइड सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंधच तोडतं. या गुणाचा उपयोगही आहे: पर्लाइट कॉस्टिकमध्ये उकळवून झिओलाइट हे सच्छिद्र खनिज करतात. पण फिल्टरवर झिओलाइट कुणाला हवंय!

मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन आणि कॉस्टिक करणाऱ्या क्लोर-अल्कलीच्या मेम्ब्रेन प्लांटमध्ये ते पाणी गाळायला अल्फा-सेल्युलोजचा थर देतात, तोही म्हणूनच. तिथे सिलिका आणि अल्युमिनियम अगदी थोडं गेलं तरी मेम्ब्रेन खराब होतं.

निष्क्रिय हा पर्लाइटचा गुण नाही. कुठल्या द्रवात, किती तापमानाला, किती वेळ, ते बोललं तरच त्या शब्दाला अर्थ आहे.

ठाम_मत | मंगळवार, रात्री 9.55

मान्य. ताई, हे मला माहीत नव्हतं. बाटलीचं उदाहरण मागे घेतो. कॉस्टिक आपण प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवतो हे लिहिल्यावर आठवलं.

लॅगिंगवाला | बुधवार, सकाळी 8.10

इन्सुलेशनच्या बाजूने चार ओळी. आमच्याकडे पीएच आणि विरघळणारे आयन हा जिवाचा प्रश्न असतो, फक्त वेगळ्या कारणाने.

स्टेनलेस पाइपवर लॅगिंग केलं, म्हणजे इन्सुलेशन गुंडाळलं, पावसाळ्यात वरचा पत्रा गळला, पाणी आत शिरलं. कोकणात हे दरवर्षी होतं. ते पाणी इन्सुलेशनमधून झिरपताना जे काही विरघळवतं ते घेऊन गरम पाइपवर पोचतं, तिथे वाफ होऊन उडतं आणि मीठ मागे राहतं. 60 अंशांच्या वर, ताणाखालच्या 304 किंवा 316 स्टीलला क्लोराइड भेटलं की केसासारख्या बारीक तडा जातात. बाहेरून पाइप नवा कोरा दिसतो.

पर्लाइटचे साच्यातले ब्लॉक सोडियम सिलिकेटने बांधलेले असतात, आणि हेच सोडियम सिलिकेट स्टीलला क्लोराइडपासून वाचवतं. म्हणून एएसटीएम सी795 या अमेरिकी मानकामध्ये नुसतं क्लोराइड किती ते बघत नाहीत. क्लोराइड आणि फ्लोराइड एका बाजूला, सोडियम आणि सिलिकेट दुसऱ्या बाजूला, असा तोल बघतात. थोडक्यात, ब्लॉकचा लीचेट (त्यातून झिरपलेलं पाणी) अल्कलीकडे असणं आमच्यासाठी चांगलं लक्षण. प्रीकोटना जो आकडा जास्त वाटेल तो मला हवासा असतो.

ऑक्सिजन प्लांटच्या कोल्ड बॉक्समध्ये, म्हणजे अतिथंड यंत्रांभोवतीच्या पेटीत, सुट्टं पर्लाइट भरतात, तिथे कोरड्या नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षं पडून असतं. पाणीच नाही म्हटल्यावर पीएच हा शब्दच गैरलागू. तिथे बघायचं ते तेल आणि सेंद्रिय पदार्थ. पाणी न शोषणारं सिलिकॉन लावलेलं पर्लाइट चुकूनही द्रव ऑक्सिजनजवळ भरू नये. हे कळकळीने सांगतो, कारण गोदामात दोन्ही पोती शेजारी शेजारी ठेवलेली मी पाहिली आहेत.

गच्चीवरची_बाग | बुधवार, सकाळी 11.00

मध्येच शिरते, माफ करा. कुंडीत पर्लाइट घातल्याने माती आंबट होते का? गुलाबाची पानं पिवळी पडताहेत.

निवृत्त_रसायनी | बुधवार, सकाळी 11.20

नाही ताई. पर्लाइट मातीचा पीएच ना वाढवतं ना उतरवतं, आणि खतही धरून ठेवत नाही. त्याचं काम हवा खेळती ठेवणं आणि निचरा. तुम्ही बोअरचं जड पाणी घालत असाल तर आधी ते तपासा, पीएच वर चढून लोह मिळेनासं झालं तरी पानं पिवळी पडतात. आणि पोतं रिकामं करताना पर्लाइट ओलं करून घ्या, नाकाला रुमाल बांधा. धूळ फार उडते.

द्राक्षरस | बुधवार, दुपारी 4.45

नाशिकहून. वाइनच्या सेलरमध्ये आहे, आमचा द्रव 3.2 ते 3.7 पीएचचा. प्रीकोटच्या रसापेक्षा आंबट, पण थंड.

पर्लाइट टिकतं, त्याची काळजी आम्ही कधी केली नाही. आम्ही बघतो ते विरघळणारं लोह. वाइनमध्ये लोह वाढलं की गढूळपणा येतो. बिअरवाल्यांना याहून जास्त धाक, तिथे लोहामुळे चव लवकर शिळी होते. त्यांची तपासणीची पद्धत चांगली आहे: डी.एम. पाण्याऐवजी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटच्या द्रावणात, म्हणजे 4 च्या आसपासच्या पीएचला, फिल्टर एड (पर्लाइटसारखी गाळायची पूड) ढवळतात आणि त्यात किती लोह उतरलं ते मोजतात. प्रत्यक्ष द्रव ज्या आंबटपणाचा, त्याच आंबटपणात तपासणी. प्रीकोट, तुमच्या 4.3 ला हे अगदी लागू पडेल.

जास्तीत जास्त आयन पहिल्या काही मिनिटांतच निघतात, ताजी बारीक धूळ असते तेव्हा. आम्ही थर चढवला की थोडं सायट्रिक आम्लाचं पाणी फिरवतो, ते सोडून देतो आणि मगच वाइन घेतो.

प्रीकोट | गुरुवार, रात्री 10.05

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय केलं ते क्रमाने लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

डी.एम. पाणी उकळलं, झाकून गार केलं. त्याचा पीएच मीटरवर स्थिरच होईना, कारण पाण्यात आयनच नाहीत, आकडा भरकटत राहतो. काकांना (निवृत्त_रसायनी) व्यक्तिगत निरोप करून विचारलं, त्यांनी चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड घालायला सांगितलं. मग आकडा जागेवर बसला. 500 मिलीचं बीकर घेतलं, 20 ग्रॅम पर्लाइट, 200 मिली पाणी. पातळ धिरड्याच्या पिठाइतकं दाट झालं. चुंबकी ढवळणीवर अर्धा तास ठेवलं, मग गाळून पीएच: 7.1. दुसरा नमुना 7.2. सप्लायरचा आकडा बरोबर होता.

बेरियम क्लोराइडची चाचणी केली, पाणी नितळच राहिलं.

मग द्राक्षरस यांचं ऐकलं. आमचाच रस, 60 अंशांवर, 8 तास पर्लाइटबरोबर ढवळला. पीएच 4.3 होता, 4.3 च राहिला. कंडक्टिव्हिटी किंचित वाढली. आमच्याकडे पुढे विरघळलेले क्षार काढणारे आयन एक्स्चेंजचे कॉलम आहेतच, त्यांच्या रोजच्या भारात ती वाढ दिसणारही नाही. वाळवून वजन केलं, घट हाती लागण्याइतकी नव्हती.

लाय_टाकी ताईंच्या अनुभवामुळे एक गोष्ट लक्षात आली जी मी विचारलीही नव्हती. आम्ही कापड धुवायला गरम कॉस्टिक फिरवतो, आणि घाईत असलो की जुना थर पूर्ण खरवडत नाही. उरलेलं पर्लाइट त्या कॉस्टिकमध्ये जात असणार, आणि तेच कॉस्टिक आम्ही टाकीत परत घेऊन तीन-चार वेळा वापरतो. आज त्या टाकीतला थोडा द्रव बीकरमध्ये घेऊन हळूहळू आम्ल घातलं. आठाच्या खाली येताना तळाशी ढगाळ, लिबलिबीत गोळा जमला. ताई, तुमची खीर.

लॉटवर सही केली. पद्धतीच्या कागदावर "100 मिली बीकर" खोडून "500 मिली" लिहिलं, पाणी उकळण्याची ओळ घातली, आणि त्या मुलाला उद्या शेजारी बसवून दोघांनी मिळून तीन जुने लॉट पुन्हा तपासायचे ठरवलं आहे. मागच्या वर्षी पीएच कमी म्हणून आम्ही एक लॉट परत पाठवला होता. त्या सप्लायरला सोमवारी फोन करतो.

लाय_टाकी | गुरुवार, रात्री 10.30

कॉस्टिक टाकीचा तळ उघडून बघा. आमच्याकडे तळाशी आणखी बरंच बसलेलं होतं. आणि आम्ल आत टाकीतच घालू नका, आधी द्रव बाहेर काढा.